घाई अर्जाची, कसोटी पहिल्या पसंतीची

अकरावीचे राज्यव्यापी ऑनलाइन प्रवेश : शिरूर आणि दौंडमधील विद्यार्थ्यांनी कोणता निर्णय केव्हा घ्यावा?

दहावीचा निकाल लागला, की शिरूर आणि दौंड तालुक्यांत वर्षानुवर्षे एकच लगबग दिसत असे. शाळेतून गुणपत्रिका हाती पडायची, त्यापाठोपाठ शाळा सोडल्याचा दाखला. तो घेऊन पालक व विद्यार्थी जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या खिडकीशी रांग लावायचे. मूळ दाखला जमा झाला, पावती मिळाली, म्हणजे जागा पक्की. दोन-तीन महाविद्यालयांचे अर्ज आणून ठेवणारे पालकही असत. पण मूळ दाखला एकच असल्याने अखेर जेथे आधी पाऊल पडले तेथेच प्रवेश होई. "उशीर केला तर जागा राहणार नाही," हे वाक्य न्हावरे, मांडवगण फराटा, केडगाव, यवत, पाटस अशा गावांत पिढीजात शहाणपण मानले गेले.

२०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून या शहाणपणाचा आधारच निघून गेला. तोपर्यंत अकरावीची केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया मुंबई महानगर प्रदेश आणि पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर व अमरावती या महापालिका क्षेत्रांपुरती मर्यादित होती. त्या वर्षी ती संपूर्ण राज्याला लागू झाली. राज्यभरातील नऊ हजारांहून अधिक कनिष्ठ महाविद्यालये आणि त्यांतील वीस लाखांहून अधिक जागा एका संकेतस्थळावर आल्या. पुणे शहरातील विद्यार्थ्यांना परिचित असलेले 'भाग एक', 'भाग दोन', 'पसंतीक्रम', 'नियमित फेरी' हे शब्द घोडनदीच्या आणि भीमेच्या काठच्या घरांत प्रथमच आले. शब्द नवे आले. सवय मात्र जुनीच राहिली. अर्ज लवकर भरण्याकडेच सर्वांचे लक्ष लागले आणि ज्या एका रकान्यावर दोन वर्षांचे भवितव्य ठरते, तो पहिल्या पसंतीचा रकाना अनेकांनी घाईघाईत भरून टाकला.

आधी येणाऱ्याला गुण नाहीत

नव्या पद्धतीत अर्ज कोणत्या दिवशी भरला, याला काहीही महत्त्व नाही. मुदतीच्या पहिल्या दिवशी सकाळी अर्ज भरणारा आणि शेवटच्या दिवशी सायंकाळी भरणारा, दोघेही गुणवत्ता यादीत आपापल्या गुणांनुसार आणि प्रवर्गानुसारच बसतात. 'पहिला येईल त्यास' हा न्याय एसटीतील खिडकीजवळच्या जागेला लागू पडतो, केंद्रीभूत प्रवेशाला नाही.

२०२५ च्या अनुभवाने हे वेगळ्या रीतीनेही सिद्ध केले. त्या वर्षी दहावीचा निकाल १३ मे रोजी, म्हणजे नेहमीपेक्षा बराच लवकर लागला. सुमारे साडेचौदा लाख विद्यार्थी उत्तीर्ण झाले. २१ मे रोजी नोंदणी सुरू व्हायची होती. पण संकेतस्थळ तांत्रिक अडचणीत सापडले आणि नोंदणीला खरा प्रारंभ २६ मे रोजी झाला. त्या पाच दिवसांत सायबर कॅफेत आणि शाळांच्या संगणक कक्षांत जागरण करणाऱ्यांच्या पदरी मनस्तापाखेरीज काही पडले नाही. जूनच्या पूर्वार्धात अपेक्षित असलेली पहिली प्रवेश यादी अखेर २८ जून रोजी जाहीर झाली. ज्यांनी शांतपणे चार दिवस उशिरा अर्ज भरला, त्यांचे काहीही बिघडले नव्हते.

पहिल्या फेरीत सुमारे ६ लाख ३२ हजार विद्यार्थ्यांना महाविद्यालय मिळाले आणि त्यांपैकी सुमारे ४ लाख ५७ हजार जणांना पहिल्या पसंतीचे मिळाले. दहांपैकी सात जणांना हवे ते मिळाले, असा त्याचा अर्थ सहज लावता येतो. पण 'मिळाले' आणि 'हवे होते' यांत अंतर असते. पहिल्या पसंतीत जे लिहिले तेच खरोखर हवे होते, की 'तेथे नक्की मिळेल' म्हणून लिहिले, हे आकडेवारी सांगत नाही. ग्रामीण तालुक्यांत हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

पहिली पसंती म्हणजे वचन

विद्यार्थ्याला किमान एक आणि कमाल दहा पसंतीक्रम देता येतात, असा २०२५ चा नियम होता. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास प्रवेश घ्यायचा की पुढील फेरीची वाट पाहायची, हे ठरविण्याची मोकळीक विद्यार्थ्याला होती. पहिल्या पसंतीचे मिळाले, तर मात्र प्रवेश घेणे बंधनकारक. तो न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांची दारे बंद. मग थेट सर्वांत शेवटी होणाऱ्या 'सर्वांसाठी खुल्या' फेरीपर्यंत थांबणे आले. तोवर चांगल्या जागा गेलेल्या असतात, हे सांगण्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत 'अर्ली डिसिजन' नावाची सोय आहे. विद्यार्थी साधारण नोव्हेंबरच्या आरंभी एकाच विद्यापीठाला बांधील अर्ज करतो. प्रवेश मिळाला, तर इतर सर्व अर्ज मागे घ्यावे लागतात. त्याच्याच शेजारी 'अर्ली ॲक्शन' असते. तेथे उत्तर लवकर मिळते, पण बंधन नसते. या दोहोंतील फरक समजून घेण्यात तेथील मराठी कुटुंबांची वर्षभराची रात्रंदिवस चर्चा चालते. आपल्याकडे हेच बंधन पसंतीच्या यादीतील पहिल्या ओळीत दडलेले आहे आणि त्यावर घरात अर्धा तासही चर्चा होत नाही.

एक उदाहरण कल्पून पाहावे. न्हावरे परिसरातील एका मुलीला दहावीला ८६ टक्के गुण आहेत. तिला विज्ञान शाखेसाठी पुण्यातील एक महाविद्यालय मनापासून हवे आहे. मावशी शहरात असल्याने राहण्याची सोयही आहे. शिरूरचे महाविद्यालयही तिला चालण्यासारखे आहे. घरातील वडीलधारे सांगतात, "पुण्याचे पहिले टाकशील आणि ते हुकले, तर शिरूरचेही हातचे जाईल. शिरूरचे पहिले टाक." मुलगी तसे करते. पहिल्याच फेरीत शिरूर मिळते. आता पुण्याच्या महाविद्यालयाची गुणमर्यादा दुसऱ्या फेरीत तिच्या आवाक्यात आली, तरी तिला काही करता येत नाही.

वडीलधाऱ्यांची भीती जुन्या पद्धतीत अगदी योग्य होती. नव्या पद्धतीत ती निराधार आहे. पुणे पहिले आणि शिरूर दुसरे लिहिले असते, तर यंत्रणेने आधी पुण्याच्या जागेसाठी तिचे गुण पाहिले असते आणि ते पुरेसे नसल्यास त्याच फेरीत शिरूरच्या जागेसाठी तिचा विचार केला असता. तेथे तिची गाठ गुणांशी होती, पसंतीच्या क्रमांकाशी नाही. शिरूरला पहिली पसंती देणारा ८० टक्क्यांचा विद्यार्थी त्याच प्रवर्गातील ८६ टक्क्यांच्या मुलीच्या पुढे जात नाही, मग तिने शिरूर दुसऱ्या क्रमांकावर लिहिलेले असो की सातव्या. म्हणजे वरचे स्वप्न आधी लिहिल्याने खालची खात्री कमी होत नाही. मागणी आणि जागा यांची अशी जुळणी करण्याचे गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडले. त्या विषयातील कामासाठी शॅप्ली व ॲल्विन रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या सिद्धांताचा पालकांपुरता अर्थ एवढाच, की अशा यादीत मनातला क्रम प्रामाणिकपणे लिहिणे हाच सर्वांत हुशार डाव असतो.

मात्र त्याला दुसरी बाजू आहे आणि शिरूर-दौंडच्या दृष्टीने तीच अधिक धोक्याची. केवळ नावासाठी पुण्यातील ख्यातनाम महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहायचे, 'मिळाले तर बघू' म्हणायचे, आणि ते खरोखर मिळाल्यावर वसतिगृह नाही, खोलीचे भाडे झेपत नाही, रोजचा प्रवास शक्य नाही म्हणून घरी बसायचे. असा विद्यार्थी प्रवेश नाकारणारा ठरतो आणि शिरूरची जागाही त्याच्या हातून जाते. जेथे पाठवायचेच नाही ते महाविद्यालय यादीत पाचव्या क्रमांकावर असले तर फारसे नुकसान नाही. पहिल्या क्रमांकावर ते असता कामा नये.

दोन तालुके, दोन वाटा

शिरूर आणि दौंड यांच्यामध्ये भीमा नदी आहे. मांडवगण फराट्याकडून नदी ओलांडली, की दौंड तालुका. नकाशावर इतके जवळ असलेले हे तालुके शिक्षणाच्या वाटेने मात्र वेगवेगळ्या दिशांना जातात.

दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. पुणे येथून लोहमार्गाने सुमारे ७५ किलोमीटर. पाटस, केडगाव, यवत ही स्थानके त्याच मार्गावर असल्याने तेथील विद्यार्थी व नोकरदार सकाळच्या गाडीने पुण्याला जाऊन सायंकाळी परततात. दौंडहून बारामतीलाही रेल्वेची स्वतंत्र शाखा आहे. त्यामुळे दौंड शहरातील विद्यार्थ्याच्या पसंतीच्या यादीत पुणे, बारामती आणि दौंड अशी तिन्ही नावे व्यवहार्य ठरू शकतात. अर्थात, तालुक्याच्या सर्व भागांना हे लागू नाही. रावणगावकडच्या विद्यार्थ्याला दौंड स्थानक गाठणे हाच पहिला प्रवास असतो. गाडी पुणे स्थानकापर्यंत पोचवते, महाविद्यालयाच्या दारापर्यंत नाही, फर्ग्युसन, स. प. किंवा गरवारे गाठायचे तर पुढे शहर बस आहेच.

शिरूरला रेल्वे नाही. पुण्यापासून सुमारे ७० आणि अहिल्यानगरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर असलेले हे गाव महामार्गावर वसलेले आहे. आणि तोच महामार्ग त्याची अडचणही आहे. रांजणगावची औद्योगिक वसाहत, शिक्रापूर, कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोली या पट्ट्यातील कोंडीने पुण्याचा प्रवास किती वेळाचा होईल याचा भरवसा राहिलेला नाही. एका बाजूचे दोन तास धरले, तरी जाऊन-येऊन चार. आठवड्याचे सहा दिवस धरले, तर चोवीस. म्हणजे आठवड्यातील एक संपूर्ण दिवस-रात्र बसमध्ये. अकरावी-बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही किंमत परवडते का, हा प्रश्न पसंतीक्रम भरताना विचारायचा आहे, जुलैत नव्हे.

तालुक्याच्या आतही हीच स्थिती. पाबळ-केंदूरच्या विद्यार्थ्याला शिरूरपेक्षा राजगुरुनगर किंवा शिक्रापूरची दिशा सोयीची वाटू शकते. तळेगाव ढमढेरेच्या विद्यार्थ्याला गावातच महाविद्यालय आहे. घोडनदीच्या पलीकडचे पारनेर व श्रीगोंदा तालुक्यांतील विद्यार्थी पूर्वीपासून शिरूरला येतात. प्रक्रिया राज्यव्यापी झाल्याने जिल्ह्याची सीमा अर्जापुरती पुसट झाली आहे. एकाच अर्जात पुणे आणि अहिल्यानगर अशा दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये लिहिता येतात. पूर्वी यासाठी दोन ठिकाणी खेटे घालावे लागत. नव्या पद्धतीचा ग्रामीण विद्यार्थ्याला झालेला हा निखळ लाभ आहे आणि टीकेच्या गदारोळात त्याची नोंद फारशी झाली नाही.

ग्रामीण भागात मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे. अनेक घरांत मुलीचे महाविद्यालय ठरविताना निर्णायक ठरणारी गोष्ट टक्केवारी नसून सायंकाळी परतीची शेवटची बस किती वाजता आहे, ही असते. पसंतीच्या यादीत या वेळापत्रकाला रकाना नाही. तो घरीच आखावा लागतो.

कोट्याची शून्य फेरी : सोय की सापळा?

लवकर प्रवेश पक्का करण्याचा एकच खरा मार्ग या प्रक्रियेत उरला आहे, तो कोट्याचा. संस्थेच्या स्वतःच्या शाळेतील विद्यार्थ्यांसाठी १० टक्के 'इनहाऊस', ५ टक्के व्यवस्थापन आणि अल्पसंख्याक संस्थांत ५० टक्के अल्पसंख्याक, असे हे कोटे. २०२५ मध्ये नियमित फेऱ्यांपूर्वी, जूनच्या मध्यास 'शून्य फेरी' घेऊन कोट्यातील प्रवेश देण्यात आले. कोट्यातून प्रवेश घेतला, की नियमित फेरीतील सहभाग संपतो. म्हणजे येथेही अमेरिकी धर्तीचे बांधील वचनच.

शिरूर व दौंडमध्ये मोठ्या शाळांना बहुधा त्याच संस्थेचे कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले असते. त्यामुळे इनहाऊस कोटा तेथील कितीतरी विद्यार्थ्यांच्या दारात येऊन उभा राहतो. तो घ्यावा की नाही? याचे उत्तर जागा किती दुर्मीळ आहे, यावर अवलंबून आहे. कला शाखेत, बऱ्याच ठिकाणी वाणिज्य शाखेतही जागा मुबलक आहेत. २०२५-२६ ची प्रक्रिया संपली तेव्हा राज्यात आठ लाखांहून अधिक जागा रिकाम्या राहिल्या होत्या. जी जागा ऑगस्टमध्येही रिकामीच मिळणार, तिच्यासाठी जूनमध्ये हात बांधून घेण्यात शहाणपण नाही. अनुदानित तुकडीतील विज्ञान शाखेची गोष्ट वेगळी. तेथे जागा मोजक्या, शुल्क कमी आणि मागणी मोठी. ज्या विद्यार्थ्याला त्याच महाविद्यालयात शिकायचे आहे आणि ज्याचे गुण गेल्या वर्षीच्या गुणमर्यादेच्या काठावर आहेत, त्याने कोट्याची संधी सोडू नये.

अनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित हा भेद पालकांच्या नजरेतून सर्वाधिक सुटतो. संकेतस्थळावर एकाच महाविद्यालयाचे शाखेनुसार, माध्यमानुसार आणि अनुदानाच्या प्रकारानुसार वेगवेगळे संकेतांक असतात. महाविद्यालयाचे नाव पाहून पहिला दिसेल तो संकेतांक निवडला आणि तो स्वयंअर्थसहाय्यित तुकडीचा निघाला, तर शुल्काचा आकडा पावतीवरच कळतो. पहिल्या पसंतीत ही चूक झाली असेल, तर ती नाकारताही येत नाही. अनुदानित तुकडी आधी आणि त्याच महाविद्यालयाची स्वयंअर्थसहाय्यित तुकडी नंतर, असे दोन्ही संकेतांक यादीत घालण्याला कोणाचीही हरकत नाही. दहा रकाने त्यासाठीच आहेत. एक-दोन रकाने भरून 'आमचे ठरलेले आहे' म्हणणाऱ्यांची संख्या मात्र कमी होत नाही.

थांबावे कोणी?

दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर पुढच्या फेरीसाठी थांबावे का, हा दरवर्षीचा यक्षप्रश्न. शहरातील नामांकित महाविद्यालयांची गुणमर्यादा दुसऱ्या फेरीत किंचित खाली येते, असा सर्वसाधारण समज आहे. ती नेहमी येतेच असे नाही. पहिल्या फेरीत वरचे गुण असलेले विद्यार्थी थांबले असतील, तर ती काही ठिकाणी वरही चढते. मनातले महाविद्यालय अर्ध्या-एक टक्क्याने हुकले असेल, तर थांबण्याला अर्थ आहे. चार-पाच टक्क्यांचे अंतर असेल, तर तो जुगार ठरतो.

थांबण्याची किंमतही प्रत्येकाला सारखी नाही. पुण्यातील विद्यार्थ्याला थांबून शेवटी शहरातीलच दुसरे महाविद्यालय मिळते. शिरूरचा विद्यार्थी थांबला आणि अनुदानित जागा भरल्या, तर त्याच्यासमोर स्वयंअर्थसहाय्यित तुकडी किंवा लांबचे गाव हेच पर्याय उरतात. शिवाय दिवस जातात. २०२५ मध्ये प्रक्रिया ऑगस्टपर्यंत लांबली. त्या काळात खासगी शिकवण्यांचे दोन महिने झालेले होते.

शिकवण्यांचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. खरी 'लवकर अर्ज करा' मोहीम चालते ती महाविद्यालयांची नव्हे, शिकवण्यांची. दहावीची परीक्षा होण्याआधीच पुण्यातील 'एकात्मिक' अभ्यासक्रमांची नोंदणी करून हप्ते भरले जातात आणि मग त्या शिकवणीशी जुळणारे, हजेरीची सक्ती नसलेले महाविद्यालय शोधले जाते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शिकवणी केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. माध्यमिक परीक्षेनंतरच विद्यार्थ्याला प्रवेश द्यावा आणि मध्येच सोडल्यास उर्वरित काळाचे शुल्क परत करावे, असे त्यांत म्हटले आहे. आधी शिकवणीला पैसे भरायचे आणि मग पहिली पसंती त्या पैशांनी ठरवायची, हा क्रम उलटा आहे.

तंत्रनिकेतन, आयटीआय आणि एकच मूळ दाखला

अकरावीच्या पलीकडच्या वाटाही याच आठवड्यांत खुल्या होतात. तंत्रशिक्षण संचालनालयाची पदविका प्रवेश प्रक्रिया आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची प्रवेश प्रक्रिया स्वतंत्र संकेतस्थळांवर, स्वतंत्र वेळापत्रकानुसार चालते. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील कारखाने डोळ्यांसमोर असलेल्या मुलांना या वाटांचे आकर्षण असणे स्वाभाविक आहे. पाबळचा विज्ञान आश्रम तर १९८३ पासून हाताने काम करीत शिकण्याची वेगळीच वाट दाखवीत आला आहे.

तिन्ही ठिकाणी अर्ज करण्यास बंदी नाही आणि अकरावीचे नोंदणी शुल्क २०२५ मध्ये १०० रुपये होते, म्हणजे अर्ज भरून ठेवण्याचा खर्चही फार नाही. अडचण येते ती मूळ दाखल्यापाशी. अकरावीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, दाखला तेथे जमा झाला आणि आठवड्याने तंत्रनिकेतनाची यादी लागली, की प्रवेश रद्द करून दाखला सोडविण्याची धावाधाव सुरू होते. तंत्रनिकेतन हेच खरे ध्येय असलेल्या विद्यार्थ्याने अकरावीच्या अर्जात पहिल्या क्रमांकावर काय लिहायचे, याचा विचार दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवून करायला हवा. ही वेळापत्रके दरवर्षी बदलतात. गेल्या वर्षीच्या तारखांवर विसंबता येत नाही.

दहावीत एक-दोन विषय राहिलेल्यांसाठीही वाट आहे. 'एटीकेटी'च्या सवलतीने त्यांना अकरावीत प्रवेश मिळू शकतो. अनेक घरांत हे ठाऊक नसल्याने मूल वर्षभर शेतात किंवा कारखान्यात हंगामी कामाला लागते आणि पुन्हा वर्गात येत नाही.

बारावीनंतर हेच, अधिक कडक

अकरावीचा अर्ज ही एका अर्थाने रंगीत तालीम आहे. बारावीनंतर अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या केंद्रीभूत प्रवेशात बंधन अधिक आवळलेले आहे. २०२५-२६ मध्ये चार फेऱ्या ठरल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींपैकी जे मिळेल ते स्वीकारणे बंधनकारक झाले. अकरावीत ज्याला पसंतीक्रमाचे मर्म उमगले नाही, त्याला येथे दुसरी संधी महागात पडते.

तारखांची चूकही येथे जिव्हारी लागते. बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम तालुक्याच्या महाविद्यालयांतही लोकप्रिय. बारावीच्या निकालानंतर महाविद्यालयात जाऊन प्रवेश घ्यायचा, ही त्यांची रीत. २०२४ मध्ये त्यांना प्रवेश परीक्षा लागू झाली. २९ मे २०२४ रोजी पहिली परीक्षा झाली, तिला प्रतिसाद कमी मिळाला आणि ऑगस्टमध्ये अतिरिक्त परीक्षा घेण्याची वेळ आली. निकालाची वाट पाहत बसलेल्यांना परीक्षेच्या अर्जाची मुदत आधीच गेल्याचे उशिरा कळले होते. प्रवेश निकालानंतर असला, तरी प्रवेशाचे दार परीक्षेच्या अर्जाने निकालाआधी काही महिने उघडते आणि मिटते, ही गोष्ट तालुक्याच्या ठिकाणी अजून पुरती रुजलेली नाही.

आणि मुलींच्या बाबतीत एक हिशेब आवर्जून करावा असा आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी मिळते. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. 'आत्ताच पैसे भरा, जागा पक्की करतो,' या आश्वासनाला भुलून मे महिन्यात प्रवेश घेणारा पालक एका सहीसरशी चार वर्षांची शुल्कमाफी सोडून देतो. लवकर मिळालेल्या जागेची इतकी स्पष्ट किंमत दुसरीकडे क्वचितच दिसेल.

घाई करायची ती येथे

घाई करण्यासारखे काही असेल, तर ते कागदपत्रांचे काम आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र ही सर्व कागदपत्रे तहसील आणि प्रांत कार्यालयांतून निघतात. निकालानंतर शिरूर आणि दौंडच्या सेतू व महा-ई-सेवा केंद्रांसमोर एकाच वेळी गर्दी होते. दाखला वेळेत हाती आला नाही, तर राखीव प्रवर्गाचा विद्यार्थी खुल्या प्रवर्गातून स्पर्धा करतो आणि काही गुणांनी जागा गमावतो. पसंतीक्रम कितीही विचारपूर्वक भरलेला असला, तरी त्याचा उपयोग होत नाही. उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाशी बांधलेला असल्याने तो एप्रिलमध्ये काढणे सर्वांत सोयीचे. जातीचा दाखला तर दहावीची परीक्षा सुरू होण्याआधीच काढून ठेवता येतो. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेचा किंवा महसुली नोंदीचा पुरावा शोधावा लागतो आणि तो बहुधा दुसऱ्याच गावात असतो. ऊसतोडीचा हंगाम संपून घरातील मोठी माणसे मोकळी होतात ती याच सुमारास, मार्च-एप्रिलमध्ये. मुले परीक्षा देत असतात. कचेरीची वाट तेवढ्यात कोणीतरी धरावी लागते.